पाठीवर रॉकेट बेल्ट: पोशाखासाठी जेट पॅकची प्रतिकृती घरी कशी बांधायची

तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन निघालेल्या पोरांत चार-दोन शिवाजी महाराज असतात, धोतर-पागोट्यातले शेतकरी असतात आणि हल्ली एखादा अंतराळवीरही असतो. त्याच्या पाठीला कोल्ड्रिंकच्या दोन बाटल्या, वरून चांदीचा रंग आणि बुडाशी लाल-पिवळ्या क्रेप कागदाच्या ज्वाळा. लहान पोराला ते शोभतं. पण शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी, नाटकासाठी किंवा स्वतःच्याच हौसेसाठी जरा नीट काहीतरी करायचं असेल, तर जवळ येऊन बघणारा माणूसही क्षणभर थबकेल असा जेट पॅक घरच्या घरी होतो. थ्रीडी प्रिंटर नको, वर्कशॉप नको. तीन आठवड्यांच्या संध्याकाळी आणि थोडा पसारा सहन करणारं घर, एवढं पुरे.

नवशिक्यांची गाडी बहुधा एकाच ठिकाणी अडते. ते बाजारातून मिळेल ते आणतात, चिकटवतात आणि मग "अजून काहीतरी हवं" म्हणून त्यावर बटणं, वायरी, झाकणं लावत सुटतात. शेवटी जेट पॅकऐवजी भंगाराचा गठ्ठा पाठीवर बसतो. त्यावर उपाय म्हणजे कटर हातात घेण्याआधी अर्धा तास खरं यंत्र समजून घेणं.

खरं यंत्र

पहिल्या कामासाठी कल्पनेतला जेट पॅक निवडू नका. अमेरिकेच्या बेल एरोसिस्टीम्स कंपनीत वेंडेल मूर या इंजिनिअरने तयार केलेला 'रॉकेट बेल्ट' निवडा. २० एप्रिल १९६१ रोजी हॅरोल्ड ग्रॅहमने तो पाठीला बांधून पहिलं मोकळं उड्डाण केलं: १३ सेकंद, अंतर सुमारे ३४ मीटर. गागारिन अंतराळात जाऊन आला त्याला तेव्हा जेमतेम आठ दिवस झाले होते. पुढे १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात बिल सूटर याच जातीचं यंत्र घेऊन स्टेडियममध्ये उतरला आणि जगभरच्या टीव्हीवर दिसला. त्यामुळे याचे फोटो भरपूर सापडतात. समोरून, मागून आणि बाजूने असे तीन निवडा, मोठे प्रिंट काढा आणि कामाच्या जागी भिंतीला लावा.

आता त्याचं पोट कसं चालतं ते बघू. पाठीवर तीन टाक्या असतात. मधल्या टाकीत खूप दाबाखाली भरलेला नायट्रोजन, तर दोन्ही बाजूंच्या टाक्यांत ९० टक्के तीव्रतेचं हायड्रोजन पेरॉक्साइड. (मेडिकलमध्ये जखमेसाठी मिळतं ते याच्यापुढे पाणीच.) नायट्रोजन पेरॉक्साइडला मागून रेटतो. पायलटने झडप उघडली की ते चांदीच्या जाळ्या बसवलेल्या कप्प्यात जातं, तिथे त्याचं विघटन होतं आणि सुमारे ७४० अंश सेल्सिअसची वाफ तयार होते. ही वाफ दोन वाकड्या नळ्यांतून खांद्यांमागून बाहेरच्या बाजूला वळते आणि खाली तोंड केलेल्या दोन नोझलमधून सुटते. सगळं इंधन २१ सेकंदांत खलास. उजव्या हातात फिरवायची मूठ असते, ती म्हणजे अॅक्सिलरेटर. डाव्या हाताने नोझलच्या टोकाची दिशा किंचित बदलून पायलट स्वतःला वळवतो.

एवढं कळलं की निम्मे निर्णय आपोआप होतात. टाक्या तीन हव्यात, दोन नकोत. ज्वाळा नकोत, कारण इथे काही जळतच नाही, सुटते ती वाफ. पंखे नकोत, कारण बाहेरची हवा आत घ्यायची गरजच नाही. आणि नोझल टाक्यांच्या बुडाशी लावायची नाहीत. तिथे लावली तर पायलटच्या पोटऱ्या शिजल्या असत्या. ती वर, बाजूला, अंगापासून लांब असतात. क्रेप कागदाच्या ज्वाळांनी पोशाख खोटा वाटतो, त्याचं कारणही हेच.

यापुढे सगळ्या कामाला एकच कसोटी लावा: हा तुकडा कुठून आला, कुठे चालला आणि त्याचं काम काय? उत्तर नसेल तर तो लावू नका.

मापं आणि वजन

माप घ्यायचं ते घालणाऱ्याच्या पाठीचं. मान खाली घातल्यावर मानेच्या बुडाशी जे हाड वर येतं तिथपासून कमरेच्या पट्ट्यापर्यंत टेप लावा. पाठीची पाटी यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर कमीच ठेवा, नाहीतर बसताना ती खुर्चीला टेकून वर सरकते आणि मानेला बोचते. रुंदी खांद्यांइतकी.

मोठ्या माणसासाठी बाजूच्या टाक्या १५ सेंटिमीटर व्यासाच्या, मधली १२ ची आणि उंची ५० च्या आसपास असली की प्रमाण जमतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी दीड लिटरच्या दोन बाटल्या आणि मध्ये एक लिटरची एक, इतकंच पुरतं. वजनाबाबत मी कडक आहे. मुलाच्या पाठीवर दीड किलोच्या वर नको आणि मोठ्यांच्या चार किलोच्या वर नको. खरा बेल्ट भरलेला असताना पन्नास किलोंच्याही वर होता, पण त्याला उडायचं होतं. तुम्हाला पोळ्याच्या गर्दीत दोन तास उभं राहायचं आहे.

सामान कुठे शोधायचं

नागपुरात यासाठी फार वणवण करावी लागत नाही. नळाचे तुकडे, पट्ट्या, स्क्रू, क्लॅम्प यांसाठी इतवारी आणि लोहाओळ. निवार, बकल, वेल्क्रो यांसाठी बॅगा शिवणारा कोणताही कारागीर. सनबोर्ड (पाट्या करायला वापरतात तो हलका, कडक फोमचा बोर्ड) विकत आणू नका. फ्लेक्स आणि बोर्ड करणाऱ्याच्या दुकानात पाच मिलिमीटरचे उरलेले तुकडे कोपऱ्यात पडलेले असतात, ते मागा. ईव्हीए फोमची शीट चपला-बुटांचा कच्चा माल विकणाऱ्यांकडे मिळते. सहा मिलिमीटरची घ्या आणि बोटाने दाबून बघा. खड्डा लगेच भरून आला पाहिजे. योगा मॅट कापून काम भागेल असं वाटतं, पण ती फार मऊ असते आणि रंग धरत नाही.

थर्माकोलच्या मागे लागू नका. सजावटीच्या थर्माकोलवर राज्य सरकारने २०१८ मध्येच बंदी घातली. शिवाय त्यावर साधा स्प्रे मारला की रंगातलं सॉल्व्हंट ते खाऊन टाकतं आणि टाकीला देवी आल्यासारखे खड्डे पडतात.

आणखी एक गोष्ट ठणकावून सांगतो. जुनं फायर एक्स्टिंग्विशर, ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर, डिओचे डबे असलं दाबाखालचं काहीही वापरायचं नाही, कबाडी कितीही "खाली आहे भाऊ" म्हणाला तरी. ते जड असतं आणि रिकामं आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही.

पाटी आणि पट्टे आधी

सगळ्यांना टाक्यांपासून सुरुवात करायची घाई असते. पण पट्टे शेवटी लावले की ते कुठेतरी अडकवलेले दिसतात आणि कार्यक्रमात अर्ध्या तासात एक खांदा दुखायला लागतो. म्हणून आधी पाटी.

सनबोर्डाचे दोन तुकडे पाठीच्या आकारात कापा. वर रुंद, कमरेशी जरा अरुंद. ते एकमेकांवर चिकटवा, वाळेपर्यंत वरून वजन ठेवा. पट्ट्यांसाठी जुनं दप्तर शोधा. घरात एक तरी असतंच, चेन गेलेलं. त्याचे गादीवाले पट्टे मुळापासून उसवून घ्या, म्हणजे ॲडजस्ट करायच्या कड्याही सोबत येतात. पाटीत वरच्या बाजूला, मानेच्या दोन्हीकडे चार-चार बोटं सोडून खाचा पाडा. त्यांतून पट्टा ओवून मागे वळवा आणि मागच्या बाजूला रुंद वॉशर लावून नट-बोल्टने आवळा. नुसत्या गोंदावर पट्टा कधीच सोडू नका. बोल्टचं डोकं पाठीच्या बाजूला येतं, त्यावर फोमचा तुकडा चिकटवा.

खालच्या टोकाला निवारीचा कमरपट्टा हवाच. वजन खांद्यांवरून कमरेवर उतरतं ते यामुळे. छातीवर दोन्ही पट्टे जोडणारी एक आडवी पट्टी आणि बकल लावा, नाहीतर मूल वाकलं की सगळं डोक्यावरून पुढे येतं. मूळ बेल्टमध्ये पायलटच्या अंगाला फायबरग्लासचा साचा घट्ट बसवलेला होता. तोच भास हवा असेल तर पाटीच्या दोन्ही कडांना बरगड्यांभोवती वळणारे फोमचे कान जोडा आणि पांढरे रंगवा.

आता रिकामी पाटी घालून घरभर हिंडा. बसा, वाका, हात वर करा, जिना चढा. जिथे घासतं तिथे आत्ताच गादी लावा. टाक्या चढल्यावर हे करता येत नाही.

टाक्या

मुलांच्या मापाला बाटल्या ठीक. त्यांच्या कमरेवरच्या खाचा लपवायला बाहेरून पातळ फोम किंवा जाड कार्डशीट गुंडाळा. मोठ्या मापाला मात्र टाकी स्वतः बांधा. १६० मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप दिसायला सोपा वाटतो, पण तीन तुकड्यांत तुमच्या वजनाचा हिशेब आटोपतो.

बाजूच्या टाक्यांसाठी सनबोर्डातून १४ सेंटिमीटर व्यासाच्या चकत्या कापा, मधलीसाठी ११ च्या, प्रत्येक टाकीला चार. त्यांच्या मधोमध भोक पाडून एक हलका पाईप आरपार घाला आणि चकत्या त्यावर सारख्या अंतराने चिकटवा. झाला सांगाडा. आता त्यावर फोम गुंडाळायचा, आणि इथे गणित करावं लागतं. १४ ला ३.१४ ने गुणून ४४ सेंटिमीटर फोम कापलात तर कडा जुळणार नाहीत, जवळजवळ दोन सेंटिमीटरची फट राहील. फोमला स्वतःची जाडी आहे. वळताना त्याची आतली बाजू दबते, बाहेरची ताणली जाते, आणि खरी लांबी मधल्या थराची धरायची. म्हणजे व्यासात फोमची एक जाडी मिळवा: १४ अधिक ०.६, गुणिले ३.१४. उत्तर येतं ४५.८, तुम्ही ४६ कापा. नवं ब्लेड घाला, स्टीलची पट्टी धरा आणि एकाच लांब ओढीत कापा. मोडक्या ब्लेडने कापलेली कड दातेरी होते आणि ती शिवण शेवटपर्यंत दिसत राहते. शिवण पाठीच्या बाजूला येईल अशीच गुंडाळा.

चिकटवायला फेव्हिकॉलचा एसआर ९९८ किंवा फेव्हीबाँड. दोन्ही कडांना पातळ लावा, थांबा, बोट लावल्यावर चिकट वाटेल पण बोटाला येणार नाही तेव्हा जोडा. लोक थांबत नाहीत, ओलं ओल्याला दाबतात आणि मग गोंदाला नावं ठेवतात. आपल्याकडे मे महिन्यात हे थांबणं चार-पाच मिनिटांत संपतं. पोळ्याच्या सुमाराला हवा दमट असते, तेव्हा पंधरा-वीस मिनिटंही लागतात. खिडक्या उघड्या ठेवा, वास डोक्यात जातो. आणि नीट जुळवूनच टेकवा, कारण एकदा धरलं की सुटत नाही.

टाकीची गोल टोकं हाच दिसण्याचा खरा भाग. सपाट टोकाची टाकी डब्यासारखी दिसते. दाबाखालचं भांडं गोलसर असतं, कारण कोपरा असला की ताण तिथे गोळा होतो. स्वयंपाकघरातून योग्य व्यासाची वाटी किंवा बोल घ्या, उलटा ठेवा, वरून क्लिंग फिल्म ताणा आणि वर्तमानपत्राचे बोटभर रुंद तुकडे मैद्याच्या खळीत बुडवून आडवे-उभे थर द्या. सहा-सात थर पुरतात. पूर्ण वाळल्यावर बोल काढा, कड कापा, टाकीवर बसवा. खडबडीतपणा घालवायला व्हायटिंग पावडर (खडूची बारीक पूड) आणि फेव्हिकॉल यांचं घट्ट मिश्रण बोटाने फासा आणि वाळल्यावर पॉलिश पेपरने घासा, आधी १२० नंबर, मग २२०. घासताना तोंडाला मास्क हवा. हे काम हातात बसवायचं असेल तर महालातल्या चितारओळीत एक चक्कर मारा. गणपतीच्या आधीच्या दिवसांत तिथले कारागीर मूर्तीचा गाल, पोट, सोंड कशी गुळगुळीत करतात ते बाजूला उभं राहून बघा. पण तेव्हा प्रश्न विचारू नका, त्यांना मान वर करायला वेळ नसतो.

तिन्ही टाक्या पाटीवर धरायला रुंद पट्टे घाला, वर एक आणि खाली एक. पट्टा फोमचा असला तरी त्याच्या टोकाला खरा पाईप क्लॅम्प किंवा खरा बोल्ट दिसू द्या. एक खरा धातूचा तुकडा शेजारच्या दहा खोट्या तुकड्यांना वाचवतो.

नळ्या

प्लंबिंगच्या दुकानात जाऊन "चार एल्बो, दोन टी, एक व्हॉल्व्ह" मागितलं की गल्ल्यावरचा माणूस हमखास विचारतो, "लाईन कुठून कुठे टाकून राहिले भाऊ?" याच प्रश्नाचं उत्तर कागदावर काढून न्या. नायट्रोजनच्या टाकीच्या डोक्यातून एक नळी निघते, तिच्यावर दाब नियंत्रित करणारं रेग्युलेटर बसतं, तिथून ती दुभंगून दोन्ही पेरॉक्साइडच्या टाक्यांच्या वरच्या तोंडांत जाते. त्या टाक्यांच्या बुडातून दोन नळ्या निघून एकत्र होतात, झडपेतून वर चढतात आणि मधल्या कप्प्यात शिरतात. कप्प्यातून जाड नळ्या डावी-उजवीकडे. संपूर्ण नकाशा एवढाच आहे. शाळेत वाचता येईल इतक्या स्पष्टपणे तो पाठीवर दिसला पाहिजे. विज्ञानाच्या मास्तरांनी बोट ठेवून विचारलं तर पोराला प्रत्येक नळी सांगता आली पाहिजे.

बारीक नळ्यांसाठी बेसिनखाली असते ती स्टीलच्या जाळीची कनेक्शन पाईप घ्या. स्वस्त, हलकी, हवी तशी वळते आणि दोन्ही टोकांना खरे नट. रेग्युलेटर म्हणून पितळेचा जुना व्हॉल्व्ह चालतो. गेज मात्र खरं हवं, कबाड्याकडे बंद पडलेलं मिळतं. काचेमागचा काटा हिरव्यात अडकवून ठेवा. मधला कप्पा म्हणजे चार इंची पीव्हीसीची दोन एंड कॅप तोंडाला तोंड लावून.

जाड नळ्या दीड इंची पीव्हीसीच्या. एल्बो काटकोनात वळतो आणि तिथेच नळाचं काम उघडं पडतं. शक्यतो लांब वळणाचा बेंड मागा. तो नसेल तर लवचीक कंड्युटवर (वायरिंगच्या नळीवर) फोमची पट्टी गुंडाळून वळण द्या. पीव्हीसी गरम करून वाकवायच्या भानगडीत पडू नका. त्याचा धूर विषारी असतो. नळीवर एक पातळ दोरी जवळजवळ वेढून गोंदाने बसवली आणि वर रंग दिला की उष्णतारोधक गुंडाळी वाटते. नोझलसाठी बाजारातलं छोटं नरसाळं उलटं लावा, नाकाडं कापून, रुंद तोंड खाली. ती बाहेरच्या बाजूला कोपरापासून चांगली वीतभर लांब ठेवा, पण जोड सैल राहू द्या: टोकाला कपलर लावा आणि चिकटवू नका, म्हणजे दारातून जाताना नोझल काढता येतं.

हातांसाठी दोन्ही कुशीतून पुढे येणारे दोन दांडे हवेत. पाऊण इंची पाईप, आतून लाकडी दांडा ठोकून. उजव्या टोकाला मोटरसायकलचा अॅक्सिलरेटर ग्रिप बसवा, जुना मेकॅनिककडे पडलेला असतो. तो फिरतो, आणि पोरं दिवसभर तेच करतात. दांडे पाटीला बोल्टनेच जोडा, कारण घालणारा माणूस नकळत त्यांवर रेलतो.

दिवे, आवाज, धूर याबद्दल थोडक्यात. दिवे लावायचेच असतील तर गेजमागे एक मंद एलईडी आणि खिशात सेल. धुराच्या कांड्या अजिबात नकोत. पाठीवर कागद, फोम आणि स्पिरिटवरचा रंग बांधलेल्या माणसाने फटाके, आरती, बडग्या-मारबतीच्या मिरवणुकीतली आग यांच्यापासून लांबच राहावं.

रंग

फोमला थेट रंग दिला तर तो पितो आणि फुटतो. हीट गन पृष्ठभागावरून सतत हलती ठेवून फिरवा. फोमला किंचित चकाकी आली की समजा भोकं बंद झाली; एका जागी थांबलात तर फोम वळतो. गन नसेल तर हे सोडा. मग फेव्हिकॉलमध्ये निम्मं पाणी घालून तीन हात द्या, प्रत्येक हात वाळू द्या. त्यावर राखाडी प्रायमर. प्रायमर बसला की सगळ्या फटी, ओरखडे, बोटांचे ठसे एकदम दिसू लागतात. घाबरू नका, दिसावेत म्हणूनच तो राखाडी असतो. भरा, घासा, पुन्हा फवारा.

चांदीचा डबा घेऊन थेट सुरू व्हायची इच्छा दाबून टाका. आधी सगळीकडे काळा चकचकीत रंग. तो दोन दिवस कडक वाळू द्या. मग चांदीचा स्प्रे लांबून, हलका, वरच्या बाजूनेच फवारा. खोबणी आणि सांधे काळे राहतात, सावली आपोआप पडते. मधल्या कप्प्याला आणखी जड धातूचा भास हवा असेल तर काळ्या रंगावर ६बी पेन्सिलची पूड बोटाने चोळा. ओतीव लोखंडासारखी काळसर चमक येते, ती कुठल्याही डब्यात मिळत नाही.

आता जुनाट करायचं. इथेही तीच कसोटी: हा डाग इथे का? हात लागतो तिथे रंग झिजतो, म्हणून मुठी, बकलाच्या कडा, टाकीचा पुढे आलेला भाग. भांडी घासायच्या स्पंजचा एक तुकडा चांदीच्या रंगात बुडवून कागदावर जवळजवळ पुसून टाका आणि फक्त कडांवर टेकवा. पाणी साचतं तिथे मळ धरतो, म्हणून पट्ट्यांच्या खाली, बोल्टभोवती. तपकिरी ॲक्रिलिक पाण्यात खूप पातळ करा, सांध्यांत सोडा, मिनिटभराने कापडाने खालच्या दिशेने पुसा. ओघळ खालीच जातात. आडवा पुसलात तर नियम मोडला. गंज मात्र लावू नका. पेरॉक्साइडच्या टाकीला गंज लागलेला असेल तर पायलट उडणारच नाही.

सगळ्यात देखणं काम नोझलजवळचं. तापलेल्या स्टीलवर रंग ठरावीक क्रमाने चढतात: आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, त्याहून जास्त तापलं की निळा. म्हणजे सर्वांत गरम जागी निळा आणि तिथून लांब जाताना जांभळा, तपकिरी, पिवळा. शंका असेल तर बाहेर उभ्या असलेल्या बुलेटच्या सायलेन्सरचा इंजिनाजवळचा बेंड बघा, सगळे रंग तिथे आहेत. आपल्या यंत्रात सर्वांत तापतो तो मधला कप्पा आणि त्यातून निघणाऱ्या नळ्या. निळ्या आणि जांभळ्या पारदर्शक शाईने, काचेवर रंगवायच्या रंगाने किंवा पातळ ॲक्रिलिकने तिथे पट्टे द्या आणि कडा ओल्या ब्रशने विरवा. हात आखडता ठेवा. पट्टा वेगळा ओळखू आला की तो जास्त झाला.

शेवटी अक्षरं. स्टिकर पेपरवर छापून लहान पट्ट्या लावा: 'नायट्रोजन', 'दाब तपासा', 'उड्डाण वेळ २१ सेकंद', झडपेजवळ बाण. अक्षरं लहान ठेवा. मोठी अक्षरं जाहिरात वाटतात. मागे नंबरप्लेटच्या रंगाऱ्याकडून 'एमएच ३१' लिहून घ्यायचा मोह होईल. यंत्र खरं वाटावं म्हणून इतकी खटपट केल्यावर मी तो आवरा असं म्हणेन, पण नागपुरात त्यावर हशा मिळणार हेही खरं.

सगळ्यावर पारदर्शक लॅकरचे दोन हात. पोळा पावसात येतो, आणि लॅकर नसेल तर फेव्हिकॉल ओला होऊन पांढरा पडतो. पेन्सिलच्या पुडीची चमक लॅकरखाली जरा दबते. तेवढा भाग आडोशाला असेल तर लॅकरशिवाय ठेवा.

नेणं, घालणं, ठेवणं

घालून घराबाहेर पडू नका. मेट्रोच्या सुरक्षा तपासणीत तीन सिलिंडर, गेज आणि वायरी असलेली वस्तू पाठीवर घेऊन उभं राहणं म्हणजे स्वतःहून चौकशी ओढवून घेणं. नोझल आणि दांडे काढा, चादरीत गुंडाळा, ऑटोने किंवा घरच्या गाडीने न्या आणि कार्यक्रमाच्या जागीच चढवा. चढवायला दुसरा माणूस लागतो: एकाने मागून उचलून धरायचं, घालणाऱ्याने आधी कमरपट्टा आवळायचा, मग खांद्याचे पट्टे, मग छातीचं बकल. उतरवताना उलट्या क्रमाने. मुलाला तासाभराने एकदा उतरवून पाणी पाजा. फोम आणि सनबोर्डामागे पाठ घामाने निथळते आणि ते स्वतः सांगत नाही.

सोबतच्या पिशवीत फेव्हिक्विक, काळी टेप, चार केबल टाय, एक सुटा बोल्ट-नट आणि कटर ठेवा. फेव्हिक्विक सुती कापडावर सांडू देऊ नका. सुताशी त्याची प्रक्रिया होऊन ते चटका बसेल इतकं तापतं, आणि पोराच्या अंगावरच दुरुस्ती करताना नेमकं तेच होतं. आधी पॅक उतरवा, मग चिकटवा.

नंतर ते माळ्यावर किंवा टिनाच्या शेडमध्ये टाकू नका. पारा ४५ च्या पुढे गेला की पत्र्याखाली गोंद सुटतो, हॉट ग्लूचे जोड लोळतात आणि बंद गाडीत तर एका दुपारीच. आतल्या खोलीत पाटीच्या वरच्या खाचेतून दोरी घालून भिंतीला टांगा, टाक्यांवर भार येणार नाही असं. पुढच्या पोळ्यापर्यंत मूल वाढलेलं असेल, तेव्हा पाटीत पट्ट्यांच्या खाचांची एक जास्तीची जोडी दोन बोटं वर आत्ताच पाडून ठेवलेली बरी. नंतर टाक्या काढल्याशिवाय तिथे कटर पोहोचत नाही.